पहिला गड, पहिली बातमी

महाराष्ट्रातील शाळांमध्ये साहसाचा पहिला धडा बहुधा गडावर गिरवला जातो. दिवाळीची सुट्टी संपते, सहामाहीचे पेपर तपासून हाती येतात आणि एके दिवशी परिपाठानंतर सूचना वाचली जाते: सातवी-आठवीची गडसहल निघणार आहे. ज्या मुलांना ही सूचना ऐकवली जाते, त्यांनी नुकताच एक किल्ला बांधलेला असतो. अंगणात किंवा सोसायटीच्या भिंतीकडेला दगड-विटा रचून, त्यावर गोणपाट टाकून चिखल थापायचा, हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, महाराजांना सिंहासनावर बसवायचे आणि बुरुजांवर मावळे उभे करायचे, हा दिवाळीतला उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या किल्ल्याच्या पायऱ्या बोटाने कोरलेल्या असतात. खऱ्या गडाच्या पायऱ्या गुडघ्याला भिडतात, आणि तिथून साहस सुरू होते.

सहलीसाठी हिवाळा निवडण्याला कारण आहे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ चढते, धुक्यात वाट हरवते. उन्हाळ्यात टाकी आटतात आणि कातळ तापतो. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात वाट कोरडी असते, टाक्यांत पाणी असते आणि चालताना ऊन सोसवते.

मुलांना शिकवण्यासाठी घराबाहेर काढावे, हा विचार जगात अनेक ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी रुजला. १९०७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने नाझी राजवटीमुळे देश सोडल्यावर स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. तिथे समुद्र आणि डोंगर हे अभ्यासाचाच भाग होते. १९४१ मध्ये हान यांच्या पुढाकाराने वेल्समधील अॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही संस्था सुरू झाली. बंदर सोडून समुद्राकडे निघालेल्या जहाजाला खलाशी जे म्हणतात, ते तिचे नाव. भारतात एव्हरेस्टच्या पहिल्या यशस्वी चढाईच्या पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली आणि तिथल्या प्रशिक्षणाची सूत्रे त्याच चढाईतील तेनसिंग नोर्गे यांच्याकडे आली. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था उभी राहिली. महाराष्ट्रातील मुलांना मात्र हिमालय गाठण्याआधी सह्याद्री भेटतो, आणि सह्याद्रीत डोंगर व इतिहास एकाच वाटेवर येतात. ही सोय फार थोड्या प्रदेशांना लाभली आहे.

पहिल्या गडासाठी पुणे आणि मुंबई या दोन्हीकडच्या शाळा लोहगड निवडतात, तो यामुळेच. मळवली स्थानकावर उतरले की भाजे गाव जवळ आहे. गावामागच्या डोंगरात भाजे लेणी आहेत आणि तिथून वाट लोहगडवाडीकडे चढते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० मीटर आहे. वर जाण्यासाठी बांधीव पायऱ्या आहेत आणि वाटेत एकामागून एक गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. वाट नागमोडी वळते. वरच्या तटावरून खाली पाहिले की ते वळण का घेतले असेल, हे सातवीतल्या मुलालाही कळते: चढून येणारा प्रत्येक जण वळणागणिक वरच्या पहारेकऱ्याच्या माऱ्यात येतो. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला एक ओळ मिळते, ते इथे पोटऱ्यांना समजते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत लोहगड आहे. बारांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी.

गडावर इतिहासाइतकेच भूगोल आणि विज्ञानही शिकता येते. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. थर एकसारखे टणक नसल्याने झीजही एकसारखी होत नाही, आणि म्हणून डोंगराला पायऱ्यांसारखे टप्पे व उभे कडे मिळाले. गड बांधणाऱ्यांनी या कड्यांचाच तट म्हणून उपयोग केला आणि जिथे उतार सौम्य होता तिथे भिंत चढवली. भिंतीसाठी दगड वर वाहून न्यायचा तर केवढे कष्ट! माथ्यावरच कातळ फोडून चिरे काढले की दोन कामे साधत: तट उभा राही आणि खाली उरलेल्या खड्ड्याचे पाण्याचे टाके होई. शिक्षकाने टाक्याच्या काठावर उभे राहून हे एवढे सांगितले, तरी मुले पुढच्या प्रत्येक टाक्यापाशी थांबून जवळचा तट शोधू लागतात.

तरीही गडसहलीचे खरे काम गडावर पोचण्याआधीच झालेले असते. पालकांचे संमतिपत्र, कोणाला दमा आहे, कोणाला कशाची अॅलर्जी आहे याची नोंद, प्रथमोपचाराची पेटी, पायथ्याच्या गावातील ओळखीच्या माणसाचा फोन नंबर आणि शिक्षकांनी आधी स्वतः जाऊन पाहिलेली वाट, एवढ्या गोष्टी हव्यातच. यांतली शेवटची सर्वांत आवश्यक आणि नेमकी तीच बहुतेक वेळा टाळली जाते. वर्षभरापूर्वी चांगली असलेली पायरी पावसात ढासळलेली असू शकते आणि ज्या टाक्याच्या भरवशावर पाणी कमी घेतले, त्यात गाळ असू शकतो. मुलांनी जवळ बाळगायचे सामान थोडे असते: दोन लिटर पाणी, पोळीभाजीचा डबा, गूळ-शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू, टोपी, आणि झिजलेला नसेल असा तळ असलेले बूट. बूट सहलीसाठी नवे घेतले तर ते आठवडाभर आधीपासून वापरायचे, नाहीतर पहिल्या तासात टाचेला फोड येतो.

चालताना सर्वांत हळू चालणारी मुले पुढे आणि चपळ मुले मागे ठेवायची. ऐकायला हे उलटे वाटते, पण त्यामुळे रांग तुटत नाही. चपळ मुले पुढे ठेवली की ती पुढच्या वळणावर जाऊन बसतात. मागून धापा टाकत येणारा मुलगा तिथे पोचतो तेव्हा त्यांची विश्रांती झालेली असते आणि ती उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे एकेक जाणता माणूस असतो आणि मागच्याच्याही मागे कोणी राहायचे नाही. प्रत्येक दरवाजापाशी शिरगणती होते. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जायचे नाही. कड्याला आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात, तिथे आरडाओरडा, धूर आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. उतरताना अधिक जपायचे, कारण पाय थकलेले असतात, लक्ष घराकडे लागलेले असते आणि मुरमाच्या घसाऱ्यावर घसरणारा पाय सावरत नाही.

पुढच्या वर्गांत दोराशी ओळख होते. कड्यावरून दोराच्या आधाराने खाली उतरणे, म्हणजे रॅपलिंग, हे शाळेच्या शिबिरातील सर्वांत जास्त बोलले जाणारे साहस आहे. कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, हार्नेसला कॅराबिनरने अडकवलेले डिसेंडर, आणि त्यातून वळसा घेऊन जाणारा दोर. वळशामुळे घर्षण होते आणि उतरण्याचा वेग उतरणाऱ्याच्या हातात राहतो. शिवाय एक वेगळा, सुरक्षेचा दोर वर बसलेल्या प्रशिक्षकाच्या ताब्यात असतो. मुलाचा हात सुटला तरी तो दोर त्याला धरून ठेवतो. अवघड असते ते फक्त पहिले पाऊल. कड्याकडे तोंड करून, पाठ दरीकडे टाकून मागे रेलायचे असते. भीती सांगते की कातळाला बिलगून राहा. पण बिलगले की वजन सरळ खाली जाते आणि पाय कातळावरून निसटतात. मागे रेलले की तळवे कातळावर दाबले जातात आणि पकड मिळते. जे भीतीला धोक्याचे वाटते, त्यातच सुरक्षा असते हे त्या मुलाला स्वतःच्या शरीराने कळते आणि असे कळलेले पुसले जात नाही. मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय आणि तपासलेल्या साहित्याशिवाय हे कधीही करू नये. आणि टोकाशी उभे राहून जो मुलगा नको म्हणतो, त्याला कोणी हसणार नाही असे पाहून मागे घ्यावे. त्याला ढकलून उतरवले तर तो साहस शिकत नाही, मोठ्यांवरचा विश्वास मात्र गमावतो.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला काय असू शकते, हे सरकारी निवासी शाळांतील मुलांनी दाखवले आहे. तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेची विद्यार्थिनी मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, तेव्हा तिला चौदा वर्षेही पुरी झाली नव्हती. नेपाळच्या बाजूने चढण्यास सोळा वर्षांची अट असल्याने ती तिबेटच्या बाजूने गेली. शेतमजूर कुटुंबातील या मुलीचे पहिले धडे तेलंगणातल्याच भोनगीरच्या कातळावर झाले होते. तीन वर्षांनी महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ हाती घेतले. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे विद्यार्थी निवडले गेले, ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असे टप्प्याटप्प्याने त्यांचे प्रशिक्षण झाले आणि मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण, चार मुलगे आणि एक मुलगी, एव्हरेस्टच्या शिखरावर उभे राहिले. अत्यंत कडक उन्हाळ्याच्या मुलखात वाढलेली ही मुले ८,८४८ मीटरवरच्या बर्फात पोचली, ती एका उडीत नव्हे. आधी धावणे, मग कातळ, मग थंडी, मग विरळ हवा. प्रत्येक टप्प्यावर आधीच्यापेक्षा थोडेच अधिक मागितले गेले. लोहगडावर जाणाऱ्या वर्गालाही हाच हिशेब लागू आहे.

साहस सगळ्या मुलांसाठी सारखे नसते, हे शाळेने ध्यानात ठेवायला हवे. गडाच्या पायथ्याच्या वाडीतील मुलगी गुरांमागे रोजच अर्धा डोंगर चढते. तिच्यासाठी नवे काय, तर समुद्राची लाट, लोकल गाडीची गर्दी किंवा तारांगणातील अंधारे घुमटाकार आकाश. मुंबईच्या मुलाला गडापेक्षा वाडीतील रात्र अधिक अनोळखी, कारण इतका काळोख त्याने कधी पाहिलेलाच नसतो. अशा दोन शाळांनी एकमेकांकडे जावे, एकमेकांच्या घरी जेवावे, ही कल्पना खर्चात लहान आणि फळात मोठी आहे. वर्गणी न परवडल्याने कोणी मागे राहू नये, मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय आधी पाहावी आणि ज्याला चढता येणार नाही त्याच्यासाठीही सहलीत खरे काम असावे, यासाठी मात्र कोणीतरी आधीपासून मनावर घ्यावे लागते.

गड उतरल्यावर सहल शाळेत परत येते ती बातमी म्हणून. दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेषानंतर जी बातमी वाचली जाते, ती त्या दिवशी वर्तमानपत्रातली नसते. पुढे तीच भित्तिपत्रकावर चढते, मग वर्गाच्या हस्तलिखितात आणि वर्षअखेरीस शाळेच्या वार्षिकांकात. सहलीचे वर्णन हा निबंधाचा नेहमीचा विषय असल्याने त्यात ‘निसर्गाच्या सान्निध्यात आनंद लुटला’ अशी ठरीव वाक्ये सहज शिरतात. चांगला शिक्षक ती काढून टाकायला लावतो आणि विचारतो: कितव्या दरवाजापाशी दम लागला? टाक्याचे पाणी कसल्या रंगाचे होते? कोणी कोणाची पिशवी घेतली? उत्तरे लिहिली की बातमी आपोआप उभी राहते. माथ्यावर पोचलेल्यांबरोबर अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांचेही नाव त्यात यावे. ज्याने मागे वळायचे ठरवले आणि ज्याने त्याला सोबत केली, ती दोघेही त्या सहलीतलीच.

आता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचतात. आईवडिलांची काळजी मिटते, हा मोठाच लाभ. पण फोटोत घाम येत नाही आणि वाटही कळत नाही. भित्तिपत्रकासाठी मुलांनी पेन्सिलीने काढलेला गडाचा नकाशा वेगळा असतो. त्यात प्रमाण चुकलेले असते, पण चार दरवाजे, पाण्याची टाकी, विंचूकाटा नावाची गडाची लांब सोंड आणि पोळे दिसले ती जागा खुणेसह दाखवलेली असते. तो नकाशा मधल्या सुट्टीत पाचवीतली मुले बोट फिरवून वाचतात. हस्तलिखिते वर्ष सरल्यावर ग्रंथालयाच्या कपाटात जातात. पुढच्या कार्तिकात सहलीची जबाबदारी नव्या शिक्षकांकडे येते, तेव्हा ते कपाट उघडून आधी हेच पाहतात: वाट कुठे निसरडी होती, गट किती वेळात माथ्यावर पोचला आणि कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे निघाले.