कायदा आणि गाव : लेखांक 6
निवाडा कोर्टाचा, पाठराखण गावाची

बलात्काराची फिर्याद कशी नोंदवतात ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा, की चार माणसं बसवून गावातलं प्रकरण गावातच मिटवलं तर बिघडलं कुठे?

उत्तरासाठी लांब जायला नको. माजलगावला लागून असलेल्या गेवराई तालुक्यात 2015 मध्ये एका महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. ती मागे हटली नाही. खटला चालला, चौघांना जन्मठेप झाली. कायद्याचं काम झालं. पण 2020 च्या डिसेंबरमध्ये तिलाच प्रशासनाकडे धाव घ्यावी लागली. तीन ग्रामपंचायतींनी आपल्याला गावाबाहेर काढायचे ठराव केले आहेत, अशी तिची तक्रार होती. ती गावकऱ्यांवर खोट्या केसेस करते, असं गावाचं म्हणणं. गावांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत; पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

कुणाला गावाबाहेर काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलं, तर 3 जुलै 2017 पासून लागू झालेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता 'मिटवून घेण्या'कडे वळू. बलात्कार हा तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणात मुलीचे वडील आणि आरोपी शिक्षक यांच्यात समेट झाला म्हणून राजस्थान उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. बैठकीत पैसे घेऊन गुन्हेगाराला वाचवणाऱ्यावर तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 250 खाली वेगळा गुन्हा होतो. मुलगी अठराच्या आतली असेल, तर गप्प राहणंसुद्धा गुन्हा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा ते न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा जिवंत केला.

आपल्या भागात या सगळ्याला उसाच्या फडाची बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची जोडपी टोळीबरोबर कारखान्याकडे निघतात. तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, धड दार नसतं, मागे राहिलेली पोर आजीच्या भरवशावर असते. फडात काही घडलं तर मुकादम म्हणतो, "उचल फिटलेली नाही, पोरीचं लग्न व्हायचंय, कशाला बोभाटा?" परमुलखातलं पोलीस ठाणं अनोळखी, त्यामुळे माणसं तोंड मिटून कोयता चालवतात. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा : गुन्हा कोल्हापूरच्या फडात घडला तरी फिर्याद माजलगाव ठाण्यात देता येते. शून्य क्रमांकाने नोंदवून ती तिकडे पाठवणं पोलिसांचं काम. नोंदवायला नकार देणारा अधिकारीच शिक्षेला पात्र ठरतो. दवाखान्यालाही पैसे मागता येत नाहीत. खाजगी असो वा सरकारी, उपचार मोफत आणि ताबडतोब.

मग गावाने करायचं काय? आरोपी दोषी की निर्दोष, हे ठरवण्याचं काम गावाचं नाही. आरोपीला झोडपून काढण्याचंही नाही. पहिल्या रात्री एका शहाण्या बाईने पीडितेजवळ बसावं. अंघोळीची, कपडे धुण्याची घाई होऊ देऊ नये. अंगावरचे कपडे प्लॅस्टिकमध्ये न कोंबता कागदी पिशवीत ठेवावेत. कुणी तरी गाडी काढावी, ठाण्यात आणि दवाखान्यात सोबत जावं, फिर्यादीची प्रत मागून घ्यावी, ती फुकट मिळते. ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांनी तारखेला हजर राहावं. साक्षीदार फिरले की खटला ढासळतो, आणि साक्षीदार फिरतात ते बहुधा गावातल्याच दबावाने.

आपण नेमकं उलटं करतो. निवाड्याला हौसेने बसतो आणि सोबतीची वेळ आली की अंग काढून घेतो. कोर्ट जन्मठेप देऊ शकतं. पण तिला गिरणीवर दळण मिळेल, हळदीकुंकवाला बोलावणं येईल, तिच्या पोरांना वर्गात कुणी डिवचणार नाही, याचा हुकूम कोणताच न्यायाधीश काढू शकत नाही. गेवराईच्या त्या बाईला निकाल मिळाला होता. कमी पडलं ते गाव.

(पुढच्या आठवड्यात : 'मनोधैर्य' योजनेची मदत कुणाला आणि कशी मिळते?)