कॉपी-पेस्ट : दिसते तेच उचलले जाते का?

बिल, चलान, दरपत्रक, लग्नाची पत्रिका, माल पोहोचविण्याचा पत्ता अशी छोट्या दुकानातील बरीचशी लिखापढी आता संगणकावर किंवा मोबाईलवर होते. त्यातले पुष्कळसे नव्याने लिहिलेच जात नाही. जुन्या कागदातला मजकूर उचलायचा, नव्या कागदात चिकटवायचा आणि दोन आकडे बदलायचे, ही आता सर्वांचीच रीत झाली आहे. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण मजकूर उचलताना व चिकटवताना यंत्र नेमके काय करते हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिवाय गेल्या काही वर्षांत यंत्राच्या या वागण्यात बरेच बदल झाले आहेत. त्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत, कारण यातील चूक एका अक्षराची असली तरी तिची भरपाई रोख रकमेत करावी लागते.

एका वाडीचे उदाहरण

कर्जत आणि खालापूर तालुक्यांशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांना ठाकुरवाडी हे नाव परिचयाचे आहे. ठाकर समाजाच्या वस्तीला ठाकुरवाडी म्हणतात आणि अशी वस्ती एकच नाही. बोरघाटाच्या लोहमार्गावर एक ठाकुरवाडी आहे. याखेरीज या भागात त्याच नावाच्या आणखीही वाड्या आहेत. म्हणून पत्त्यात वाडीच्या नावासोबत जवळच्या गावाचे नाव लिहावेच लागते.

समजा, कर्जतच्या बाजारातील एका दुकानदाराला ठाकुरवाडीस छपराचे पत्रे आणि सिमेंट पाठवायचे आहे. मागच्या चलानात पत्ता तयार आहे. त्याने 'ठाकुरवाडी' या शब्दावर माऊसने दोनदा टिचकी मारली. शब्द निवडला गेला. तो त्याने नव्या चलानात चिकटवला. जवळच्या गावाचे नाव मात्र जुन्या कागदातच राहिले. टेम्पो भलत्याच वाडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. भाडे दुप्पट झाले आणि गिऱ्हाईक नाराज झाले ते वेगळेच.

यात यंत्राची चूक नाही. वर्डमध्ये दोनदा टिचकी म्हणजे एक शब्द, तीनदा टिचकी म्हणजे पूर्ण परिच्छेद आणि कंट्रोलसह 'ए' म्हणजे सगळा मजकूर, असा नियम आहे. मोबाईलवर बोट दाबून धरले तरी सहसा एकच शब्द निवडला जातो. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून मधे जागा सोडून लिहिलेला फोन नंबर पुष्कळदा पूर्ण निवडला जातो, पण मराठीतील पत्त्याच्या बाबतीत त्यावर विसंबून राहू नये. किती निवडायचे हे आपणच ठरवायचे असते.

ही सोय आली कोठून?

पूर्वी छापखान्यात मजकुराची जागा बदलायची असेल तर कात्रीने तुकडा कापून गोंदाने दुसरीकडे चिकटवीत. 'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द तेथूनच आले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम तयार केला. तो पाठ्यपुस्तके छापणाऱ्या एका प्रकाशन संस्थेच्या संपादकांसाठी होता. कात्री आणि गोंदाचे काम त्यांनी पडद्यावर आणले. टेस्लर यांचे २०२० साली निधन झाले, पण त्यांनी रूढ केलेली पद्धत आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

या पद्धतीचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मजकूर निवडलेला असताना कोणतेही अक्षर दाबले की निवडलेला मजकूर जातो आणि त्या जागी ते एक अक्षर येते. संपूर्ण दरपत्रक निवडलेले असताना चुकून एक बटण दाबले गेले तर संपूर्ण दरपत्रक पुसले जाते. अशा वेळी घाबरून फाईल बंद करू नये. कंट्रोल आणि 'झेड' दाबले की मजकूर परत येतो.

मराठी अक्षराचे तुकडे

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक खूण. मराठीत तसे नाही. 'ठाकुरवाडी' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो : ठा, कु, र, वा, डी. पण यंत्राच्या वहीत त्याच्या नऊ नोंदी असतात, कारण प्रत्येक काना, उकार आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. अक्षरांच्या या नोंदवहीला युनिकोड म्हणतात. १९९१ साली निघालेल्या तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती.

याचा परिणाम खोडताना दिसतो. शब्दाच्या शेवटी उभे राहून बॅकस्पेस एकदा दाबले तर बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी जाते आणि 'ठाकुरवाड' उरते. उलट 'डी'च्या आधी उभे राहून डिलीट दाबले तर पूर्ण 'डी' जाते. बॅकस्पेस एकेक नोंद खोडते, डिलीट पूर्ण अक्षर खोडते. पत्त्यातील किंवा नावातील काना-मात्रा दुरुस्त करायची असेल तर बॅकस्पेस वापरावे. पूर्ण अक्षर पुन्हा लिहावे लागत नाही.

जोडाक्षरांच्या बाबतीत तर नियमच बदलला आहे. 'कर्जत' या शब्दात आपल्याला 'र्ज' हे एक अक्षर दिसते. पण युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे 'र्' आणि 'ज' हे दोन वेगळे तुकडे धरले जात. त्या नियमावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये निवड जोडाक्षराच्या मधोमध थांबू शकत असे आणि 'कर्' एवढेच उचलले जाई. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम केला. मात्र प्रत्येक प्रोग्रॅम तो नियम आपापल्या सवडीने स्वीकारतो. म्हणून एकाच दुकानातील दोन मोबाईल एकाच शब्दावर वेगवेगळे वागताना दिसले तर त्यात नवल नाही.

सारखे दिसते, पण सारखे नसते

कोणी 'ठाकुरवाडी' लिहितो, कोणी 'ठाकूरवाडी'. माणसाला दोन्ही एकच. यंत्राला मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ उकार या दोन वेगळ्या नोंदी आहेत. उधारीच्या यादीत एका प्रकारे लिहिलेले नाव दुसऱ्या प्रकारे शोधले तर ते सापडत नाही, आणि 'बाकी काही नाही' असे समजून आपण मोकळे होतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे 'व्यापाऱ्यांना', 'दुसऱ्या' अशा शब्दांतील 'ऱ्य'. काही जण तो 'ऱ' या वेगळ्या अक्षराने लिहितात. काही कळफलकांवर तो साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण यांनी तयार होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पुष्कळ प्रोग्रॅमांना ते दोन वेगळे शब्द वाटतात. यावर सोपा उपाय आहे. गिऱ्हाइकांची व गावांची नावे एकाच माणसाने एकदा नीट लिहून काढावीत आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच यादीतून उचलावीत. येथे कॉपी-पेस्ट हीच खरी शिस्त ठरते.

छापखान्यातील अडचण

छपाईचे काम करणाऱ्या बांधवांना आणखी एक त्रास माहीत असेल. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा नावांचे जुन्या पद्धतीचे फाँट वापरून केलेली पत्रिका पडद्यावर सुरेख दिसते. तिच्यातील मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होते. याचे कारण असे की या जुन्या फाँटमध्ये नोंद इंग्रजी अक्षराची असते आणि तिला फक्त मराठी अक्षराचा पोशाख चढविलेला असतो. मजकूर उचलला की नोंद सोबत येते, पोशाख मागे राहतो.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावेत. निमंत्रणातील नाव चुकले तर पूर्ण गठ्ठा पुन्हा छापावा लागतो आणि तो खर्च कारागिराच्याच अंगावर येतो. ज्यांना नव्याने काम सुरू करायचे आहे त्यांनी सुरुवातीपासून युनिकोडच वापरावे, असे आमचे मत आहे.

उचललेला मजकूर राहतो कोठे?

उचललेला मजकूर यंत्र एका तात्पुरत्या कप्प्यात ठेवते. त्याला क्लिपबोर्ड म्हणतात. पूर्वी या कप्प्यात एकच वस्तू मावत असे; दुसरी ठेवली की पहिली जाई. २०१८ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये क्लिपबोर्डचा इतिहास ठेवण्याची सोय आली. ती सुरू केल्यास विंडोजचे बटण आणि 'व्ही' दाबल्यावर आधी उचललेले २५ पर्यंत तुकडे दिसतात. पाच गावांचे पाच पत्ते एकदम उचलून हवा तो चिकटवता येतो.

सोय मोठी आहे, तसा धोकाही आहे. दुकानातील संगणकावर तीन-चार माणसे बसत असतील तर आपण उचललेला पासवर्ड किंवा खाते क्रमांक दुसऱ्याला सहज दिसू शकतो. काम संपल्यावर हा इतिहास पुसून टाकावा. मोबाईल कंपन्यांनीही याची दखल घेतली आहे. २०२० पासून आयफोन आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून अँड्रॉइडचे मोबाईल एखाद्या ॲपने हा कप्पा वाचला की तशी सूचना देतात. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये काही वेळाने कप्पा आपोआप रिकामा होण्याची व्यवस्था झाली.

पैशाच्या बाबतीत जास्त सावधगिरी

खाते क्रमांक चिकटवताना विशेष काळजी घ्यावी. एक्सेल एका संख्येचे पहिले १५ आकडेच खरे धरते. सोळा आकडी खाते क्रमांक साध्या घरात लिहिला किंवा चिकटवला की शेवटचा आकडा शून्य होतो. सुरुवातीची शून्ये तर सरळ गळून पडतात. म्हणून तो रकाना आधीच 'टेक्स्ट' प्रकारचा करून घ्यावा. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्तीत ही आपोआप बदल करण्याची सवय बंद करण्याचीही सोय आहे.

बँकेचा आयएफएससी क्रमांक ११ खुणांचा असतो आणि त्यातील पाचवी खूण नेहमी शून्य असते, इंग्रजी 'ओ' नव्हे. चिकटवल्यावर खुणा मोजून पाहाव्यात. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पूर्वी नाव न जुळताही केवळ खाते क्रमांकावर रक्कम जमा होऊ शकत असे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी सर्व संबंधित बँकांना आदेश दिला की १ एप्रिल २०२५ पर्यंत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय करावी. हे नाव वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये.

एवढे पाळावे

निवडलेल्या मजकुराची सुरुवात आणि शेवट दोन्ही पाहूनच तो उचलावा. दुसरीकडचा रंग आणि अक्षराचा आकार सोबत नको असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि 'व्ही' दाबून फक्त मजकूर चिकटवावा. अलीकडच्या वर्डमध्ये ही सोय आहे. जुन्या वर्डमध्ये आधी नोटपॅडमध्ये चिकटवून मग तेथून उचलावा, म्हणजे तोच परिणाम मिळतो. जुन्या बिलावरून नवे बिल करताना तारीख, दर, गिऱ्हाइकाचे नाव आणि गाव या चार जागा आधी रिकाम्या कराव्यात, मग भराव्यात. रिकामी जागा नजरेस खटकते, जुना आकडा खटकत नाही.

आपले वडीलधारे चोपडीत नोंद केल्यावर ती एकदा मोठ्याने वाचून दाखवीत आणि समोरचा 'बरोबर' म्हणाल्यावरच पान उलटीत. चोपडी गेली, पडदा आला. वाचून दाखविण्याची ती पद्धत मात्र आपण सोडू नये. चलान छापण्यापूर्वी पत्ता एकदा टेम्पोवाल्यालाच वाचून दाखवा. ठाकुरवाडी म्हटल्यावर तो लगेच विचारील, 'कोणती?' पडद्यावरच्या यंत्राने हा प्रश्न कधीच विचारला नसता.