समुद्रावर जाताना काय नेसाल, काय घालाल?

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की घरोघरी सुटीचे बेत शिजू लागतात. यंदा कोकणात जायचं ठरतं. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, नाहीतर आणखी खाली गोवा. गाडीची तिकिटं, उतरायची सोय, मुलांचा खाऊ, सासूबाईंची औषधं, सगळ्याची यादी गृहिणीच करते. तिची स्वतःची बॅग मात्र आदल्या रात्री अकरा वाजता भरली जाते! हाताला येतील त्या चार 'बाहेर जायच्या' साड्या तीत पडतात. त्या बहुधा जॉर्जेटच्या किंवा पॉलिस्टरच्या असतात. चुरगळत नाहीत, इस्त्री लागत नाही, म्हणून.

मग किनाऱ्यावर काय दिसतं? नवरा आणि मुलं पाण्यात डुंबताहेत, आणि ही बाई सगळ्यांच्या चपला, घड्याळं, पाकिटं सांभाळत वाळूत बसली आहे. "चल ना पाण्यात!" म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "नको गं बाई, साडी भिजेल." इतके पैसे खर्चून समुद्रावर यायचं, आणि समुद्र नुसता लांबून बघायचा! मैत्रिणींनो, हे टाळता येतं. त्यासाठी नव्या खरेदीची फारशी गरज नाही. थोडा आधी विचार करायला हवा, इतकंच.

आधी हवा ओळखा

मे महिन्यात नागपूरला पारा ४३ अंशांवर जातो. रत्नागिरी-मालवणला तो साधारण ३३-३४ च्या आसपास असतो. तरीही देशावरची माणसं कोकणात आली, की "काय हो हा उकाडा!" म्हणतात. याचं कारण हवेतला दमटपणा. घाम वाळतो तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि आपल्याला गार वाटतं. कोकणातली हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यामुळे घाम वाळतच नाही. त्यात अंगावर पॉलिस्टर असेल, तर ते घाम शोषून घेत नाही. मग घामोळी, काखेत आणि मांड्यांत खरचटणं, चिडचिड हे सगळं ओघाने आलंच.

म्हणून किनाऱ्यावरच्या गावात हिंडताना सुती कपड्यांना पर्याय नाही. वॉयलची, मंगळगिरीची किंवा साधी धुवट सुती साडी उत्तम. तिला खळ मात्र करू नका. खळ केलेल्या कापडातून वारा नीट खेळत नाही, आणि दमट हवेत त्याचा ताठपणाही टिकत नाही. ब्लाऊज सैल बाह्यांचं आणि परकर सुतीच हवा. पंजाबी ड्रेस वापरत असाल, तर घट्ट लेगिंगऐवजी सैल सलवार घाला. साडीच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घातली, तर मांड्या घासत नाहीत. आतले कपडे नायलॉनचे नकोत, आणि रोजच्या हिशेबापेक्षा दोन जोड जास्त घ्या. बाहेरून आल्यावर बदलावेसे वाटतातच.

रंग फिके असावेत. बाह्या कोपरापर्यंत असल्या, तर ऊन कमी लागतं. वाळूवरून आणि पाण्यावरून ऊन परतून तोंडावर येतं, म्हणून नुसता डोक्यावर पदर पुरत नाही. रुंद काठाची टोपी घाला. "टोपी कशी घालू, लोक हसतील," असं वाटत असेल, तर छत्री तरी उघडा!

देवळात आणि किल्ल्यावर

कोकण-गोव्यात समुद्र आणि देऊळ हाकेच्या अंतरावर असतात. गोव्यातल्या देवळांत तसंच जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, अशी अपेक्षा असते. मुली अर्ध्या चड्डीत आणि बिनबाह्यांच्या बनियनमध्ये असतात, आणि दारात अडवलं की रुसवेफुगवे होतात. पिशवीत एक मोठी सुती ओढणी आणि एक सैल लेंगा ठेवला, की प्रश्न मिटला. तेथील माणसांचाही मान राहतो. गणपतीपुळ्याला देवामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. ती सुमारे एक किलोमीटरची आणि अनवाणी असते. ती सकाळी लवकरच घाला, दुपारी तळपाय पोळतील.

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जावं लागतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं काम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे. ते पाहावं, तटावरही हिंडावं. पण होडीत चढता-उतरताना एक पाय होडीत, एक धक्क्यावर, अशी कसरत होते. तिथे पायघोळ निऱ्या घात करतात. साडी नेसायची तर घोट्याच्या वर नेसा आणि पदर कमरेला घट्ट खोचा. मच्छीबाजारातल्या बायका साडी कशी वर खोचून काम करतात, ते पाहा. पाण्याशी रोजचा संबंध असलेल्यांचं ते शहाणपण आहे.

आणि पाण्यात?

इथे मात्र नियम उलटा! सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि लवकर वाळत नाही. ओली पाचवारी तर पायांत गुंडाळते. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, त्या वेळी पाय अडकले तर बाई पडते आणि उठता येत नाही. म्हणून साडी नेसून गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. हे लाजेचं नव्हे, जिवाचं कारण आहे.

पाण्यासाठी ते पॉलिस्टरचे कपडे बाहेर काढा. गुडघ्यापर्यंतचा गडद रंगाचा कुडता आणि पोटरीपर्यंतची विजार पुरे. पांढरं आणि फिकं कापड भिजलं की पारदर्शक होतं, ते टाळा. ओढणी काठावरच ठेवा. हल्ली पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ पोहण्याचे पोशाखही मिळतात. आमच्या मोठ्या जाऊबाई बावन्नाव्या वर्षी असा कुडता घालून तारकर्लीला पहिल्यांदा कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. सोबत दीर होतेच. बाहेर येऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं मी नुसत्या पिशव्याच राखल्या की गं!"

समुद्रात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारा. गणपतीपुळ्याचा समुद्र ओढीचा आहे, तिथे कपडे कितीही सोयीचे असले तरी काठावरच भिजा.

दागिने, चपला आणि धुणं

काचेच्या बांगड्या आणि सैल अंगठ्या खोलीवरच काढून ठेवा. लांब मंगळसूत्राऐवजी लहान, साधं घाला. कातडी चपला खाऱ्या पाण्याने कडक होतात. मागे पट्टा असलेले रबरी सँडल बरे. खडकांवर तर अनवाणी मुळीच चालू नका, कालवांच्या कडा तळपाय कापतात.

ओल्या कपड्यांत तासन्‌तास बसू नका, त्याने गजकर्णाला आमंत्रण मिळतं. खोलीवर आल्यावर अंग आणि कपडे दोन्ही गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं, तर कपडा दमटच राहतो आणि अंगाला खाजतो.

तर चार दिवसांच्या बॅगेत दोन सुती साड्या, दोन सैल ड्रेस, पाण्यासाठी एक जोड, ओढणी, टोपी, रबरी सँडल, आणि ओल्या कपड्यांसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी. रेशमी साडी घरी कपाटातच राहू दे. आणि चपला-पाकिटं राखायची पाळी? ती आळीपाळीने सर्वांची लावा. निघायच्या आधी, घरीच!