पवईला जे दिसत नाही, ते भारतीला दिसतं

सूर्यावर मोठा भडका उडाला की प्रोटॉन प्रचंड वेगाने सुटतात. ते सरळ रेषेत येत नाहीत. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने त्याचं चुंबकीय क्षेत्र बागेतल्या फिरत्या फवाऱ्यासारखं वळत जातं आणि प्रोटॉन त्याच वाटेने धावतात. भडका सूर्याच्या पश्चिम बाजूला असेल तर ती वाट नेमकी आपल्याकडे येते. 20 जानेवारी 2005 ला तर अवघ्या काही मिनिटांत ते येऊन धडकले!

मग मुंबईत, पवईला ते का पोचत नाहीत? इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला बरंचसं समांतर, म्हणजे वरून येणाऱ्याला आडवं. ते भेदायला प्रोटॉनकडे साधारण 15 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जा लागते. बहुतेकांकडे तिचा शंभरावा हिस्साही नसतो. ध्रुवांवर मात्र बलरेषा उभ्या, काही तर थेट सौरवाऱ्याशी जोडलेल्या. दार सताड उघडं! प्रोटॉन वातावरणात घुसून खालचा आयनांबर इतका दाट करतात की शॉर्टवेव्ह रेडिओ मुका होतो. 82 अंशांच्या उत्तरेला भूस्थिर उपग्रहही कामाचे नाहीत, त्यामुळे अमेरिकेची ध्रुवीय विमानं अशा वेळी कमी अक्षांशांवरून वळवतात.

आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं अंटार्क्टिकातल्या भारती केंद्रावर आहेत, ती ध्रुवाकडच्या या उघड्या दारापाशी असल्याने मोक्याची.