कुकरचं झाकण उडालं, दोष कुणाचा?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणूनच घरोघरी माळ्यावर बिघडलेल्या वस्तूंचं एक खोकं असतं. सहा महिन्यांत मोटार जळलेला मिक्सर, धड कधी न तापलेली इस्त्री, पहिल्याच पावसाळ्यात गंजलेली शेगडी! पैसे तर गेलेच, वर "तुला वापरता येत नाही" हे ऐकून घ्यायचं. मैत्रिणींनो, पैशांपेक्षा हे बोलणंच जास्त लागतं, नाही का?

आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींनी नवा कुकर घेतला. तिसऱ्याच आठवड्यात डाळ शिजत असताना झाकण उडालं आणि वहिनींचा हात कोपरापर्यंत भाजला. दुकानदार म्हणाला, "ताई, झाकण नीट बसवलं नसेल तुम्ही." सासूबाई म्हणाल्या, "आम्ही इतकी वर्षं कुकर लावतोय, आमचा नाही उडाला कधी!" वहिनींनी वाद घातला नाही. कुकर, झाकण, रिंग, शिटी सगळं होतं तसं पिशवीत बांधून ठेवलं, डॉक्टरांचे कागद जपले आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. सव्वा वर्ष लागलं, पण प्रयोगशाळेचा अहवाल आला : सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष! कुकरचे पैसे, औषधपाण्याचा खर्च आणि वर भरपाईही मिळाली. सासूबाईंनीच शेजारीपाजारी पेढे वाटले, बरं का!

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा आता २०१९ च्या नव्या कायद्यानं घेतली असून, तो जुलै २०२० पासून लागू झाला आहे.

आता तुम्ही म्हणाल, "बिल तर ह्यांच्या नावावर आहे, मी कशी तक्रार करू?" काळजी नको. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जी वस्तू वापरते, तीही कायद्यानं ग्राहकच. भावानं भाऊबीजेला दिलेला मिक्सरही त्यात आला. विकण्यासाठी घेतलेला माल मात्र यात बसत नाही. पण घरी मसाले, लोणची करून स्वतःचं पोट भरणाऱ्या बाईनं त्या कामासाठी यंत्र घेतलं असेल, तर ती ग्राहकच ठरते.

दुकानातली ती पाटी ठाऊक आहे ना? 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' सदोष मालाच्या बाबतीत या पाटीला काही अर्थ नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा!

मग करायचं काय? पायरीपायरीनं पाहू.

पहिलं म्हणजे वस्तू हातची सोडू नका. भंगारवाल्याला देऊ नका, कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. "वापरणारीची चूक" या आरोपाला खरं उत्तर ती वस्तूच देते. दोष नुसत्या डोळ्यांना दिसणारा नसेल, तर आयोग वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. त्याची फी आधी आपल्याला भरायला सांगू शकतो, तेवढी तयारी ठेवा.

दुसरं, दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. फोनवरच्या गोड आश्वासनांचा पुरावा राहत नाही. काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलं आणि तुम्हाला काय हवं, एवढं साध्या मराठीत लिहा. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि पत्राची प्रत जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. पुष्कळ प्रकरणं इथंच मिटतात.

एवढ्यानं भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी मोजलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर तक्रार इथेच करायची, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. वकील लागतोच असं नाही. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल होते. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं, हे विसरू नका. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामील करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा चिकाटी हवी. निकाल आपल्या बाजूनं लागला आणि समोरचा राज्य आयोगाकडे अपिलात गेला, तर त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

आणि खरेदी करतानाच डोळे उघडे ठेवा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तरीही २०२२ साली एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याला, नियमात न बसणारे २,२६५ कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला काढावा लागला.

तेव्हा आज दुपारची कामं आटोपली की एक फाईल करा. तिच्यात घरातल्या सगळ्या वस्तूंची बिलं आणि वॉरंटी कार्डं लावा. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरच्या बिलांची अक्षरं वर्षभरात उडून जातात, म्हणून त्यांची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटोही घ्या. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तुम्हालाच वापरता येत नाही," तर आवाज चढवायची गरज नाही. फाईल उघडायची आणि पत्र लिहायला बसायचं!