काचेची वीट: उजेड आत, पण धुराला वाट हवीच

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ पैकी १० बाळे दगावली, त्यांतली बहुतेक धुराने गुदमरून. सुरक्षित भिंतीची चर्चा करताना हे विसरता येत नाही.

काचेची वीट म्हणजे तापवून एकमेकींना जोडलेल्या दोन पोकळ वाट्या. आतली हवा थंड होताना तिचा दाब घटतो. त्यामुळे उष्णता आणि आवाज कमी झिरपतात. उजेड मात्र येतो, दिवसा दिवे कमी लागतात. सळया घालून रचलेली अशी भिंत फोडणे चोरासाठी साध्या तावदानापेक्षा कितीतरी अवघड.

ती इमारतीचा भार पेलत नाही. वर लिंटेल, कडांना प्रसरणाची फट हवी. आगीत टिकण्याची हमीही सुट्या विटेची नसते, चाचणी झालेल्या संपूर्ण बांधणीची असते.

शिवाय ती उघडत नाही! रुग्णालयात ती वापरायची तर धूर बाहेर काढणाऱ्या खिडक्या आणि सुटकेचा मोकळा दरवाजा वेगळा राखलाच पाहिजे. भंडाऱ्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला छज्जाही लागेल.