आधी ‘गड’, मग ‘बड’

मानोऱ्याच्या बाजारपेठेत कापूस, तूर, सोयाबीन यांची उलाढाल सुरू झाली की गडबड, धावपळ, घासाघीस, कुजबुज हे सारे ओघानेच येते. हे शब्द आपण रोज वापरतो. पण ‘गडबड’ऐवजी ‘बडगड’ असे कोणी का म्हणत नाही, याचा विचार सहसा होत नाही. शालेय व्याकरणात अशा शब्दांना ‘अभ्यस्त शब्द’ म्हणतात. त्यांतील ध्वनींचा क्रम मात्र कोणी शिकवत नाही. घरातल्या बोलण्यातूनच तो कानांत मुरतो.

गडबड, लगबग, कुजबुज, झटपट, धडपड हे शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. दुसऱ्या घटकाच्या आरंभी ओठ मिटतात. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण मागाहून येतात. ‘चहाबिहा’, ‘हिशेबबिशेब’ यांतही तोच ‘ब’. स्वराने सुरू होणारा घटक बहुधा आधी येतो : अदलाबदल, अधूनमधून, आजूबाजू. ‘मोडतोड’सारखे अपवाद आहेतच, म्हणून हा नियम नव्हे, भाषेचा कल होय.

नवल असे की, अनुकरणवाचक शब्दांनी समृद्ध असलेल्या जपानी भाषेतही हा कल दिसतो. तेथे ‘दोताबाता’ म्हणजे धावपळ, ‘तेकिपाकि’ म्हणजे झटपट, नेटकेपणाने. सळसळीला ‘कासाकोसो’ म्हणतात. आधी ‘आ’, मग ‘ओ’. इंग्रजीत मात्र ‘टिक-टॉक’, ‘डिंग-डाँग’ असा ‘इ’ पुढे असतो.

भारतीय भाषांतील अशा शब्दांचे साम्य भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1969 मध्ये दाखवून दिले. आर्य व द्राविड कुळांतील भाषांनी हा ठेवा परस्परांत वाटून घेतला आहे. तरीही प्रत्येकीची चाल निराळी. हिंदीत ‘ठीकठाक’ आणि ‘धूमधाम’. मराठीत ‘ठाकठीक’ आणि ‘धामधूम’. शब्द तेच, क्रम उलटा.

दुकानात हिंदी आणि घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या तोंडी आता मराठीतही ‘ठीकठाक’ सहज येते. त्यात हिंदीचा दोष नाही. तिला तिचा क्रम शोभतो. परंतु जे केवळ कानांवाटे पुढच्या पिढीकडे जाते, ते कानांवर पडेनासे झाले की लोपते. सायंकाळच्या जेवणानंतर आजी-आजोबांसमवेत मुलांनी असे जोडशब्द आठवून पाहावेत. वडिलोपार्जित ठेव्याची ही मोजदाद वहीत मांडण्याजोगी आहे.